पावणेचार किलोचा बाहुला: उचलायचा कसा, ठेवायचा कुठे

पार्श्वभूमी

हे प्रकरण टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशि-कासाईला राहणाऱ्या एका मराठी बाईंचं आहे. घरात आयटीची नोकरी, सोसायटीत चार शेजारी भारतीय, कपाटात जपानी बाहुल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी त्यांना ताई म्हणते, म्हणून इथेही ताईच. माझा संबंध एवढाच की बाहुल्यांचं इलास्टिक बदलायचं काम मी ओळखीपाळखीत करून देते, त्यामुळे या प्रकरणात सुरुवातीपासून मध्ये होते.

बीजेडी म्हणजे बॉल-जॉइंटेड डॉल. पॉलियुरेथेन रेझिनचे पोकळ भाग ओतून केलेले असतात, प्रत्येक सांध्याला एका बाजूला गोळा आणि दुसऱ्या बाजूला वाटी, आणि सगळं अंग आतून ताणलेल्या इलास्टिकवर जोडलेलं. डोळे, विग, कपडे, पंजे बदलता येतात. चेहरा हाताने रंगवलेला असतो, त्याला फेसअप म्हणतात. क्योतोच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी बाजारात आणली, ती साधारण ५७ सेंटिमीटरची होती. मग कोरियातल्या आणि नंतर चीनमधल्या कंपन्या आल्या, पुरुष बाहुले आले आणि उंची ६५, ७०, त्याहून वर सरकत गेली. कोरियाच्या डॉलमोर कंपनीची ट्रिनिटी तर मीटरच्याही वर जाते.

ताईंकडे आधी ४३ सेंटिमीटरच्या दोन आणि ५८ सेंटिमीटरची एक, अशा तीन बाहुल्या होत्या. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका कोरियन कंपनीचा ७२ सेंटिमीटरचा बाहुला वापरलेल्यांच्या बाजारातून घेतला. रुंद खांदे, जाड मांड्या, पायात बूट. फोटोत ५८ आणि ७२ यांच्यात फारसा फरक वाटत नाही. जाहिरातीत उंची होती, छातीचा घेर होता, डोळ्यांचं माप होतं. वजन नव्हतं, आणि ताईंनी विचारलंही नाही. या छंदात ते कोणी विचारत नाही.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून येतं. ४३ वरून ७२ म्हणजे उंची पावणेदोन पटींपेक्षाही कमी वाढते. पण वस्तूचं आकारमान उंचीच्या घनाने वाढतं, आणि १.६७ चा घन साडेचारच्या पुढे जातो. ताईंची ४३ सेंटिमीटरची बाहुली उघडी ८०० ग्रॅम भरते. त्या हिशेबाने बाहुला पावणेचार किलो भरायला हवा. बाहुल्याला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, अशा पद्धतीने तो उघडा सव्वातीन किलो निघाला. रेझिनची भिंत उंचीच्या प्रमाणात जाड होत नाही, त्यामुळे थोडी सूट मिळते. पण विग, कोट, पट्टा आणि बूट चढवले की काटा पुन्हा पावणेचारवरच. ५८ चीच सवय असलेल्या हातांना तो फारच जड होता.

अडचण

पावणेचार किलो म्हणजे काही फार नाही, असं ताईंच्या यजमानांचं मत होतं. तांदळाची पिशवी याहून जड असते आणि ती ताईच दुकानातून आणतात. खरं आहे. पण तांदळाची पिशवी दुकानातून घरी एकदा येते. तिला बसवायचं नसतं, उठवायचं नसतं, तिचा कोट बदलायचा नसतो.

मी एका दुपारी त्यांच्याकडे बसून नुसतं पाहिलं. स्टँडवरून काढणं, पलंगावर आडवं करणं, पँट घालताना कंबर उचलून धरणं, बसवणं, विग नीट करायला पुन्हा उभं करणं, खिडकीपाशी नेणं, ऊन फिरलं म्हणून दुसऱ्या खिडकीपाशी नेणं. फोटोंच्या त्या एका दुपारी तीसेक वेळा तरी त्यांनी तो पूर्ण उचलला असेल. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच रीतीने: दोन्ही काखांत हात घालून, अंगठे बोटांपासून काटकोनात ताणून, बाहुला अंगापासून लांब धरून. लांब का, तर फेसअप कपड्यांवर घासू नये म्हणून.

सप्टेंबरात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखायला लागलं. पातेलं उचलताना कळ येई, बाटलीचं झाकण उघडेना. ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी डी क्वेरवेनचा त्रास सांगितला. अंगठा बाजूला नेणाऱ्या आणि मागे ताणणाऱ्या कंडरा मनगटाजवळ एकाच अरुंद आवरणातून जातात. अंगठा ताणून वजन उचलण्याची हालचाल वारंवार झाली की तिथे सूज येते. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हा त्रास बराच होतो. डॉक्टरांनी घरात लहान मूल आहे का असं विचारलं. ताई नाही म्हणाल्या आणि गप्प बसल्या. मला विचाराल तर तिथेच बाहुल्याबद्दल सांगायला हवं होतं. पुढच्या भेटीत सांगितलं, तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. बाहुला कसा धरता ते करून दाखवा म्हणाले. अर्धा सल्ला त्यातूनच मिळाला.

दुसरी अडचण आणखी उघड होती. बाहुला उभा राहायचा एका पुस्तकांच्या कपाटावर, जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटरवर, दोन पायांच्या मधून आधार देणाऱ्या स्टँडवर. ७ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास चिबा प्रांताच्या वायव्य भागात ५.९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. टोकियोत काही ठिकाणी जपानी तीव्रतेच्या मापावर ‘पाच-वरचा’ नोंदला गेला. शहराच्या २३ वॉर्डांमध्ये २०११ नंतर पहिल्यांदाच. निशि-कासाईतलं घरही चांगलंच हललं. ४३ च्या दोघी खालच्या फळीवर जागच्या जागी राहिल्या. बाहुला स्टँडसकट पुढे आला आणि तोंडावर पडला. गालिचा होता म्हणून चेहरा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मोडली आणि लोहचुंबकावर बसणारी डोक्याची मागची टोपी (म्हणजे कवटीचा सुटा भाग) सुटून सोफ्याखाली गेली.

तिसरी अडचण बारीक, पण रोजची. बाहुला पोझ धरत नव्हता. उभा केला की गुडघा मुडपायचा, बसवला की धड मागे लवंडायचं. पोझ टिकत नाही म्हणजे पुन्हा धरायचं, पुन्हा उचलायचं. तीस वेळांतल्या निम्म्या तरी याच कारणाने होत्या, हे आम्हाला बरंच नंतर कळलं.

पर्याय

ऑक्टोबरच्या मध्यावर ताई, त्यांचे यजमान आणि मी असे तिघे जेवणाच्या टेबलापाशी बसलो. त्या वेळी सांगलीहून आलेल्या सासूबाई चौथ्या. पर्याय तेव्हा दिसले तसे मांडते.

विकून टाकणं. मोडलेल्या बोटांमुळे किंमत पडणार होती, पण ती मुख्य बाब नव्हती. ताईंना हवा होता तो चेहरा याच आकारात बनतो. त्या म्हणाल्या, “विकायचाच असता तर भूकंपाच्या रात्री सोफ्याखाली हात घातला असता का?” विषय संपला. तरीही माझ्या मते हा पर्याय टेबलावर ठेवून त्याला एक तारीख द्यायला हवी होती: अमुक महिन्यापर्यंत हात बरा नाही झाला तर पुन्हा बोलू. तशी तारीख ठरली नाही.

डोकं ठेवून धड बदलणं. हे या छंदात सर्रास चालतं, याला हायब्रिड म्हणतात. हलकं, लहान धड घ्यायचं आणि आवडतं डोकं त्यावर बसवायचं. मऊ व्हायनलची, आत सांगाडा असलेली धडंही मिळतात आणि ती रेझिनपेक्षा हलकी असतात. पण अडचणी दोन. रेझिनचा रंग कंपनीगणिक वेगळा, शिवाय वापरलेलं रेझिन उन्हाने पिवळट झालेलं. मानेपाशी जोड दिसतो. आणि ७२ च्या धडासाठी केलेलं डोकं ६० च्या खांद्यांवर मोठं दिसतं. फोटोवर जुळवाजुळव करून पाहिली, ताईंना पसंत पडली नाही.

बाहुला घरातून हलवायचाच नाही, दुकानात किंवा मेळाव्याला फक्त डोकं न्यायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण विग आणि डोळे घ्यायला पुष्कळ जण डब्यात नुसतं डोकं घेऊनच जातात. बाहेरच्या कामासाठी हा पर्याय लगेच मान्य झाला.

सांध्यांची दुरुस्ती, म्हणजे पोझ टिकवायची. आणि शेवटचा, जो तेव्हा पर्यायच वाटला नव्हता: उचलण्याची रीत आणि ठेवण्याची जागा बदलणं.

सासूबाईंनी दिलेला सल्ला यादीत नव्हता. त्या बराच वेळ ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, “एवढं अवघडलेपण कशाला? झोळी करून पाठीला बांध की.” आम्ही हसलो. तीन आठवड्यांनी त्यांचंच खरं झालं.

काय केलं, आणि कुठे वाट चुकली

पहिली कृती ताईंनी स्वतः केली. पोझ टिकत नाही म्हणजे इलास्टिक सैल, असं समजून त्यांनी मूळच्यापेक्षा एक नंबर जाड इलास्टिक आणलं आणि एका शनिवारी पायांचं बदललं. निर्णय तर्काला धरून होता. बहुतेक जण हेच करतात, आणि जुनं इलास्टिक खरंच थोडं सैल झालं होतं. पण परिणाम उलटा झाला. जाड इलास्टिकने सांधे इतके घट्ट ओढले गेले की गुडघा वाकवायला दुप्पट जोर लागू लागला, आणि सोडला की पाय लाथ मारल्यासारखा सरळ व्हायचा. बसवलेला बाहुला अचानक ताठ होऊन टेबलावरून घसरला. या वेळी ताईंनी झेलला, दुखऱ्या हाताने. शिवाय इलास्टिक बदलणं हे या छंदातलं सर्वांत जोराचं काम आहे. मानेतला एस-हुक (इलास्टिकचा फास अडकवायचा एस आकाराचा हुक) वर ओढायचा, फासात पेन्सिल अडकवायची, मग पाय ओढून जागेवर बसवायचा. सगळा ताण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. त्या शनिवारनंतर त्यांचा अंगठा आठवडाभर सुजलेला होता.

मी हातात घेतलं ते त्यानंतर. सांधा जागेवर राहतो तो दोन गोष्टींमुळे: इलास्टिक गोळ्याला वाटीत ओढून धरतं, आणि गोळा-वाटीतलं घर्षण त्याला फिरू देत नाही. गुळगुळीत रेझिनवर रेझिन असेल तर घर्षण कमी, मग सगळा भार ताणावर येतो. लहान बाहुलीत हे खपून जातं, कारण हातापायाला वजनच नसतं. ७२ च्या बाहुल्याची एक मांडी चांगली जड असते. तिला नुसत्या ताणावर धरायचं तर ताण हाताला पेलणार नाही इतका करावा लागतो. म्हणून ताण कमी करून घर्षण वाढवायचं ठरलं. मूळ जाडीचं नवीन इलास्टिक घातलं, आणि खुबा, गुडघा, घोटा, खांदा आणि कंबरेच्या वाट्यांना आतून पातळ स्वेडचे, म्हणजे मऊ लवदार चामड्याचे, तुकडे चिकटवले. स्वेड निप्पोरीच्या कापडबाजारातून आणलं, पांढरं आणि न रंगवलेलं, कारण गडद चामड्याचा रंग रेझिनला लागतो आणि निघत नाही. आधी दुहेरी चिकटपट्टीने लावून आठवडाभर पाहिलं. खुब्यात तुकडा जाड झाला, पाय फाकलेले राहायला लागले; तो पातळ केला. मग निघू शकेल असा पांढरा गोंद वापरला. हातापायांत तार घालायचा मार्ग मुद्दाम टाळला. तार आतून रेझिनला ओरखडे पाडते, वारंवार वाकवून तुटते, आणि सांधा वाकवायला जोर वाढवते, जे आम्हाला नकोच होतं.

सांधे घासून नीट बसवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो करायचाच असेल तर पाण्यात भिजवलेल्या सँडपेपरने आणि मास्क लावून. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट.

दुरुस्तीनंतर बाहुला बूट घालून स्टँडशिवाय उभा राहू लागला. इथे एक बारकावा. वजन कमी करायचं म्हणून ताईंनी आधी बूट काढून हलके कापडी जोडे घातले होते. आम्ही उलट केलं: जाड तळाचे बूट ठेवले आणि जड लोकरी कोट काढला. बूट जड असतात, पण ते वजन खाली असतं आणि तोल राखतं. कोट खांद्यावर असतो, तो तोल वर नेतो. काट्यावर फरक थोडा, उभं राहण्यात मोठा.

उचलण्याची नवी रीत डॉक्टरांच्या सल्ल्यातून आणि थोड्या प्रयोगातून आली. आधी बाहुल्याला बसता करायचं, पाय मुडपायचे. एक हात बुडाखाली, तळवा वर, अंगठा बोटांना चिकटलेला. दुसरा हात मानेच्या मागे, म्हणजे डोकं मागे पडत नाही आणि टोपी सुटत नाही. मग छातीशी धरून उठायचं. हात कोपरात वाकलेले, वजन मनगटावर नाही, अग्रबाहूवर. फेसअपला ओरखडा पडू नये म्हणून चेहऱ्यावर मऊ मुखवटा चढवायचा; तो तीन मिनिटांत शिवून होतो आणि अंगापासून लांब धरायचं कारणच राहत नाही. हाताला धरून उचलायचं कधीच नाही. इलास्टिक ताणतं, सांधा उघडतो, आणि परत बसताना बोट सापडतं.

कपडे बदलण्याची जागा पलंगावरून जेवणाच्या टेबलावर आणली, खाली दुमडलेलं पांघरूण घालून, म्हणजे वाकावं लागत नाही. आणि बाहुला पूर्ण न उचलता कपडे घालायची सवय केली. पंजे आणि पावलं एस-हुकवर असतात, ती काढली की अरुंद बाही आणि पँट सहज जातात. न काढता घालायचं असेल तर पंजावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, बाही घसरत जाते. पँटसाठी कंबर उचलायच्या ऐवजी बाहुल्याला कुशीवर फिरवायचं, एका बाजूने ओढायचं, मग दुसऱ्या. आजारी माणसाचे कपडे नर्स जसे बदलते, अगदी तसं.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला, कारण दोन चांगले सल्ले एकमेकांच्या विरुद्ध होते. हाताच्या दृष्टीने वस्तू कंबर ते कोपर या उंचीवर हवी. जमिनीवरून उचलणं वाईट, खांद्यावरून उतरवणं त्याहून वाईट. भूकंपाच्या दृष्टीने वस्तू जितकी खाली तितकी बरी. यजमानांचं मत जमिनीवर ठेवा. माझं मत टेबलाच्या उंचीवर ठेवा. चर्चा जरा तापली. तोडगा ताईंनीच काढला: उभा ठेवायचाच नाही, बसवायचा. बसलेला बाहुला उभ्यापेक्षा बराच बुटका होतो, बूड रुंद, तोल खाली. ७० सेंटिमीटर उंचीचं बैठं कपाट भिंतीला स्क्रूने बांधलं, त्यावर लहान मुलाच्या मापाची लाकडी खुर्ची, खुर्चीच्या पायांखाली भूकंपरोधक जेलचे चौकोन, आणि कमरेतून मासेमारीची पारदर्शक दोरी खुर्चीच्या पाठीला. दोरीला गाठ नाही, हुक आहे. म्हणजे रोज सोडताना अंगठ्याला त्रास नाही. काचेचं कपाट घ्यायचा विचार होता, तो सोडला. काच फुटली तर बाहुला आणि माणूस दोघांनाही लागतं.

स्टँडवर उभा राहणारा देखणा बाहुला आता खुर्चीत बसतो, याचं ताईंना थोडं वाईट वाटलं. एवढं सोडावं लागलं.

मोडलेली बोटं चिकटवता आली असती, पण जोड पातळ आणि वारंवार लागणाऱ्या जागी. कंपनीकडून पंजांची नवी जोडी मागवली. रंग किंचित उजळ आला; हातमोजे घातले की दिसत नाही.

बाहेर नेणं

टोकियोच्या बिग साइट या प्रदर्शन केंद्रात सगळ्या कंपन्यांच्या बाहुल्या चालतात असे मेळावे भरतात, आणि ताईंना एकदा तरी तिथे त्याला पूर्ण न्यायचं होतं. निशि-कासाईहून तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचो, तिथे ओएदो लाइन, त्सुकिशिमाला पुन्हा बदल करून तोयोसू, मग युरिकामोमे. म्हणजे तीन बदल आणि भरपूर जिने.

इथे सासूबाईंची झोळी आली. ताईंनी बाळाला पुढे बांधायचा वापरलेला पट्टा आणला. घरात तो उत्तम चालला: वजन दोन्ही खांद्यांवर आणि कंबरेवर, हात मोकळे, विग विंचरतानासुद्धा बाहुला जागेवर. म्हणून तो बांधून, वर शाल घेऊन त्या एकदा सरावासाठी तोझाई लाइनने दोन स्टेशनं गेल्या. गाडीत एका आजीबाईंनी उठून जागा दिली आणि बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं. ताईंना खोटंही बोलवेना आणि शालही काढवेना. पुढच्या स्टेशनवर त्या उतरल्या. पट्टा तेव्हापासून घरातच.

प्रवासासाठी चाकांची केबिन आकाराची बॅग घेतली. बाहुल्याला गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर ठेवलं की तो ५५ सेंटिमीटरच्या बॅगेत मावतो. डोकं काढून वेगळ्या डब्यात, मानेच्या फासात पेन्सिल, सांध्यांमध्ये टॉवेलच्या घड्या, धातूच्या बकलांवर कापड. घडी केल्यावर इलास्टिक ताणलेलं राहतं, म्हणून पोचल्याबरोबर सरळ करायचा. रात्रभर तसा ठेवायचा नाही. ट्रेनमध्ये बॅग पायांशी, वरच्या फळीवर कधीच नाही. आणि सगळ्या स्टेशनांवर आधी लिफ्ट शोधायची, दहा मिनिटं जास्त गेली तरी.

पुण्याला जाताना मात्र त्याला नेलं नाही. विमानाच्या हातबॅगेचा अर्धा वजनभत्ता त्याच्यावरच गेला असता. ४३ ची एक गेली.

काय झालं

अंगठ्याची पट्टी ताईंनी दीड महिना वापरली. हिवाळ्याच्या शेवटी पातेलं उचलताना येणारी कळ गेली. यातलं किती पट्टीने, किती विश्रांतीने आणि किती उचलण्याची रीत बदलल्याने, हे सांगता येणार नाही. सगळं एकाच वेळी सुरू होतं. फार वेळ शिवणकाम केलं की अजून दुखतं.

फोटोंच्या दुपारी उचलण्याच्या वेळा दहाच्या आत आल्या. बाहुल्याचं वजन होतं तेवढंच आहे. १६ मार्च २०२२ च्या रात्री फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, टोकियोही बराच वेळ हलत राहिलं. खुर्ची जागेवर, दोरी जागेवर. मेळाव्याला तो गेला, फोटो निघाले, येताना ताईंनी मला बॅग ओढायला दिली.

पुन्हा करायचं झालं तर

घेण्याआधी वजन विचारणं ही पहिली गोष्ट. विक्रेत्याला माहीत नसेल तर उघडा बाहुला काट्यावर ठेवून फोटो पाठवा म्हणावं. माझ्याकडे आता कोणी सत्तर सेंटिमीटरच्या बाहुल्याबद्दल विचारलं तर मी दोन-दोन किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या एका उशीच्या अभ्र्यात घालून आठवडाभर त्या घेऊन फिरायला सांगते: टेबलावरून पलंगावर, पलंगावरून खिडकीत. दोघींनी यानंतर बेत बदलला. एकीने ५८ घेतली आणि ती खूश आहे.

क्रमही उलटा हवा होता. आम्ही आधी बाहुला दुरुस्त केला आणि मग उचलणं पाहिलं. ती दुपार आधी बसून पाहिली असती आणि किती वेळा, का उचलला याची नोंद केली असती, तर निम्मी कारणं पोझची आहेत हे लगेच दिसलं असतं. जाड इलास्टिकचा शनिवार तरी टळला असता.

डॉक्टरांपासून छंद लपवू नये. त्यांना निदानासाठी हालचाल कळायला हवी असते. ती बाळामुळे की बाहुल्यामुळे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. इलास्टिक काही वर्षांत सैल होतं, स्वेड झिजतं. ते बदलायचं काम ताईंच्या अंगठ्याने आता होणार नाही, आणि मी टोकियोत किती वर्षं असेन ते माझ्या नोकरीवर आहे. यजमानांना शिकवायचा प्रयत्न सुरू आहे. आर्टरी फोर्सेप्सने (डॉक्टरी चिमट्याने) फास पकडायला ते शिकलेत. फासात पेन्सिल घालायचं मात्र अजून विसरतात आणि इलास्टिक धडात गायब होतं. पुढच्या वेळी इलास्टिक बदलायचं ते त्यांच्या हातून, मी शेजारी बसून, असं ठरलं आहे. ते जमलं नाही तर विक्रीचा पर्याय पुन्हा टेबलावर येईल, आणि या वेळी तारीख आधी ठरवू.